परभणीच्या परसात पीच: झाडावर आच्छादन केव्हा घालावे?

परसबाग_परभणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. परभणीत आमच्या घरामागे 30 बाय 15 फुटांचे परस आहे आणि तेथे मी पीचची, म्हणजे जुन्या लोकांच्या सप्ताळूची, तीन झाडे वाढवीत आहे. त्यांपैकी दोन कलमे तीन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणली. पिशवीवरच्या चिठ्ठीत जातीचे नाव नव्हते, केवळ ‘कमी थंडीची जात’ एवढेच लिहिले होते. तिसरे झाड बाजारातील हिमाचली फळाच्या कोयीपासून झाले आहे. ती कोय ओल्या वाळूत घालून अडीच महिने फ्रीजमध्ये ठेवली, तेव्हा कुठे ती रुजली. गेल्या फेब्रुवारीत एका कलमाला दहा-बारा गुलाबी फुले आली, पण एकही फळ धरले नाही. इंग्लंडमध्ये लोक काचघरात पीच वाढवतात किंवा भिंतीलगतच्या झाडावर हिवाळ्यात प्लॅस्टिकचे छप्पर घालतात, असे वाचनात आले. मीही दिवाळीनंतर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पॉलिथिन घालण्याच्या विचारात आहे. खर्च मोठा असल्याने जाणकारांनी आधी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मोसंबी_जालना

आपण विचारल्यावाचून सांगाडा उभारला नाहीत, हे फार बरे झाले, कारण आपल्या हवामानात हिवाळ्यातले पॉलिथिन या झाडाला मारकच ठरेल. इंग्लंडमध्ये छप्पर घालण्यामागे दोन कारणे आहेत. तेथे हिवाळाभर पाऊस पडतो आणि त्या पावसाच्या थेंबांबरोबर पाने आकसून लालसर फुगवणाऱ्या बुरशीचे बीजाणू उमलणाऱ्या डोळ्यांवर, म्हणजे फांदीवरच्या कोवळ्या अंकुरांवर, पोहोचतात. डोळे कोरडे राहिले की रोग बराच टळतो. दुसरे म्हणजे, लवकर आलेला मोहर तेथे हिमकणांनी करपतो. आपला डिसेंबर-जानेवारी बहुतेक वर्षी कोरडा असतो आणि मोहर करपवणारे हिमही पडत नाही, म्हणजे ज्या संकटांवर तो उपाय आहे ती संकटेच आपल्याकडे नाहीत.

आपली अडचण नेमकी उलटी आहे. पीचला सुप्तावस्थेतून जागे होण्यासाठी साधारण 7 अंश सेल्सिअसखालच्या थंडीचे ठरावीक तास लागतात. थंड प्रदेशांतील अनेक जातींना असे 600 ते 1000 तास लागतात, तर ‘फ्लोरडा प्रिन्स’सारख्या जातीचे सुमारे 150 तासांत भागते. परभणीत थंडीच्या लाटेत पारा कधी 5 अंशांच्याही खाली जातो हे खरे, पण तो पहाटेचे चार-पाच तासच तेथे राहतो. समजा अशा पंधरा रात्री मिळाल्या, तरी 60 ते 75 तासच जमा होतात. त्यातच दुपारच्या उन्हाने साठलेली थंडी काही अंशी वाया जाते आणि पॉलिथिनखाली दुपार आणखी तापते. जी थंडी मुळातच अपुरी आहे, ती आपण पैसे खर्चून का घालवावी?

माझ्याकडे ‘फ्लोरडा प्रिन्स’ची दोन झाडे आहेत. आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या मोहरासाठी, मोसंबीला ताण देण्याची, म्हणजे काही काळ पाणी तोडण्याची, आपल्याकडे रीत आहेच. त्याच धर्तीवर नोव्हेंबरमध्ये मी पीचचे पाणी हळूहळू तोडतो, डिसेंबरअखेर उरलेली पाने हाताने उतरवतो, हलकी छाटणी करतो आणि जानेवारीत पुन्हा पाणी सुरू करतो. चौथ्या वर्षी पहिली फळे मिळाली आणि ती एप्रिलमध्ये पिकली. फळे लहान होती, पण घरभर त्यांचा वास दरवळत होता. थंडी कमी पडलेल्या वर्षी मात्र फुले विखरून, महिनाभर थोडी-थोडी येतात आणि त्यांतली पुष्कळशी गळतात. आपल्या झाडाचे तसेच झाले असावे.

अंगण_अंबाजोगाई

दादांनी थंडीचे सांगितले, मी जमिनीचे सांगते. परभणीची काळी जमीन भारी असते आणि पीचच्या मुळांना पाणी तुंबलेले अजिबात सोसत नाही. माझे पहिले झाड एका श्रावणातच गेले. उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजलेली होती. आता मी मुरूम, तांबडी माती आणि कुजलेले शेणखत मिसळून दीड-दोन फूट उंच गादीवाफा केला आहे. जमिनीत चुनखडी असेल तर कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. तेव्हा नुसता युरिया घालत राहू नये.

परसबाग_परभणी

दोघांचेही मनापासून आभार. शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडणे, हे लक्षण माझ्या एका कलमावर आजही दिसते आहे. पॉलिथिनचा विचार मी सोडला. मग आच्छादन कधीच घालू नये का? आणि कोयीपासून वाढलेले झाड ठेवावे की काढावे?

मोसंबी_जालना

आच्छादन घालावे, पण ते उन्हाळ्यात आणि केवळ सावलीपुरते. एप्रिलच्या सुरुवातीपासून पाऊस लागेपर्यंत 35 टक्के सावलीची जाळी छतासारखी वर बांधावी. शेंड्यापासून ती दोन-तीन फूट उंच असावी आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे हवा कोंडत नाही. पाऊस लागताच ती काढावी. पुढील वर्षाचे फुलडोळे उन्हाळा-पावसाळ्यात याच वर्षीच्या नव्या फांद्यांवर तयार होतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. खोडाला चुन्याचा हात द्यावा, नाहीतर पश्चिमेच्या उन्हाने साल तडकते आणि डिंक वाहू लागतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही, म्हणून सांगाड्याचे चार खांब आत्ताच रोवून ठेवावेत, म्हणजे ढग दिसताच गारांसाठीची बारीक जाळी ओढता येईल. फुलोऱ्यात मात्र जाळी खाली सोडून झाड बंद करू नये, कारण मधमाश्या आत येत नाहीत. बंद करावेच लागले तर दुपारी मऊ कुंचला फुलाफुलांवरून फिरवावा. पीचच्या बहुतेक जातींत स्वतःच्याच परागाने फळ धरते.

कोयीचे झाड मायेने वाढवलेले आहे, हे मी समजू शकतो. पण हिमाचलात पिकणाऱ्या जातीची थंडीची गरज त्याच्यात उतरली असण्याचीच शक्यता अधिक. ते काढू नये. दोन कलमांपैकी जे फुलले, त्याचे डोळे या झाडाच्या फांद्यांवर भरावेत, म्हणजे सालीत चीर देऊन बसवावेत. डोळा भरण्याचे काम येणारा माणूस परभणीतच मिळेल, कारण मोसंबीची कलमेही तशीच बांधतात.