गायीच्या मानेवरील गाठ मास्ट पेशींची असल्यास काय करावे?

प्रश्न (आरे कॉलनी, गोरेगाव)
नमस्कार. आमच्या गोठ्यातील सहा वर्षांच्या संकरित गायीच्या मानेवर तीन महिन्यांपासून लिंबाएवढी गाठ आहे. तिच्यावरचे केस झडले असून, खरारा करताना धक्का लागला की ती तासाभरात फुगते आणि दुसऱ्या दिवशी बसते. आधी लम्पीची भीती वाटली. मग एका डॉक्टरांनी गळू समजून ती दाबली, तेव्हा गाय दोन दिवस नीट खात नव्हती. आता सुईने काढलेल्या नमुन्याच्या अहवालात ‘मास्ट सेल ट्यूमरची शक्यता’ असे लिहिले आहे. बाकीच्या जनावरांना हे लागेल का, आणि गाठ काढावी का?

उत्तर 1
लागणार नाही, ही गायीच्याच पेशींची वाढ आहे. लम्पीत ताप येतो आणि साधारण 2 ते 5 सेंटिमीटरच्या अनेक गाठी उठतात, तसे येथे दिसत नाही. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1878 मध्ये वर्णिलेल्या मास्ट पेशी सूज आणणारे हिस्टामिन आणि रक्त गोठू न देणारे हेपॅरिन असलेल्या कणांनी गच्च भरलेल्या असतात. गाठ चेपली की ते कण बाहेर पडतात, म्हणून सूज येते आणि जखम झाल्यास रक्तही लवकर थांबत नाही. कृपया ती पुन्हा कोणालाही दाबू देऊ नका.

कुत्र्यांत नेहमी दिसणारी ही गाठ गायीत क्वचितच आढळते, त्यामुळे ‘शक्यता’ या शब्दावर थांबणे मला योग्य वाटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झटपट रंगांनी हे कण कधीकधी रंगतच नाहीत. टोल्युइडिन ब्लू या निळ्या रंगाने मात्र ते निळ्याऐवजी जांभळे उठून दिसतात. बायोप्सी करून, म्हणजे गाठीचा तुकडा काढून, तो त्याच्या आकारमानाच्या दहापट 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये तपासणीला पाठवावा. खांद्यापुढील लसिकाग्रंथीही तपासून घ्यावी, कारण गाठ पसरण्याचा धोका असतो. गाठ एकच असेल आणि ग्रंथी स्वच्छ असेल, तर भोवतालच्या निरोगी कातडीसह ती पूर्ण काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर 2 (जोगेश्वरी)
आमच्या गायीची अशीच गाठ काढताना डॉक्टरांनी आधी अँटिहिस्टामिन (हिस्टामिनचा परिणाम रोखणारे औषध) दिले होते, त्याबद्दल अवश्य विचारा. नंतरच्या प्रतिजैविकांमुळे सांगितलेले दिवस भरेपर्यंत दूध रतिबाला घातले नाही. नुकसान झाले, पण ते दूध कोणाच्या लेकराच्या पेल्यात जाऊ देणे आम्हाला पटले नाही.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आज खांद्यापुढे चाचपले, तेव्हा डावीकडील ग्रंथी उजवीपेक्षा मोठी लागली. सोमवारी गायीला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेत आहोत. तोवर मानेला खरारा लावणार नाही आणि दावेही गाठीपासून दूर बांधले आहे.