परदेशात औषधं: "आधी प्लॅनिंग करा" म्हणणाऱ्यांना उत्तर

सांगलीची_सून (म्युनिक)
काल कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या लोकांना डॉक्टरशिवाय गोळ्या खायची चटक लागलीय, इकडे येऊन रडू नका, जरा प्लॅनिंग शिका.' उत्तर देणार नव्हते पण रात्रभर डोक्यात तेच.

तर ऐका माझं प्लॅनिंग. थायरॉइडची गोळी. शंभरची खोकी मिळते, म्हणजे तीन महिने बघायला नको. मधे डोस वाढवला, 50 चा 75 झाला, घरातल्या 50 च्याच दीड-दीड घ्या म्हणाले, साहजिकच खोकी लवकर संपायला आली. मी 18 डिसेंबरला, बारा दिवस आधी बरं का, क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली झालं, ई-रेझेप्ट (ऑनलाइन चिठ्ठी) टाकलंय, इन्शुरन्सचं कार्ड घेऊन कुठल्याही आपोथेकेत, म्हणजे इथल्या औषधांच्या दुकानात, जा. सोमवारी गेले, कार्ड मशीनमध्ये घातलं, स्क्रीन रिकामी. मंगळवारी परत गेले, रिकामी. कारण काय तर डॉक्टरीणबाईंनी सहीच केली नव्हती. त्यांची डिजिटल सही पडल्याशिवाय ते सर्व्हरवर चढतच नाही. आणि 24 पासून क्लिनिक बंद ते थेट 7 जानेवारीला उघडणार, कारण 6 ला बायर्नमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, सुट्टी. दारावर कागद, बदली डॉक्टर अमुक गल्लीत.

बदली डॉक्टरकडे तीन तास बसले. चिठ्ठी मिळाली. आपोथेकेत गेले तर 75 ची संपलीय, संध्याकाळी चारला या. मी त्या काउंटरवरच्या आजींना जुनी खोकी दाखवली, म्हटलं तोपर्यंत 50 च्या तरी पाच-सहा द्या. त्या खरंच हळहळल्या, पण खोकं फोडून सुट्ट्या गोळ्या देत नाहीत म्हणाल्या. आमच्या सांगलीत बाबांचा केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो, चार गोळ्या खाकी पाकिटात टाकतो, वर १-०-१ लिहितो आणि पैसे नंतर. यातलं प्लॅनिंग नेमकं कुठे चुकलं ते सांगा.

गोळीवाला (लीड्स)
सूनबाई, ती पोस्ट माझी नव्हती पण सही करतो तिच्यावर. मी फार्मासिस्ट आहे, इकडे यायच्या आधी पाच वर्षं पुण्यात पेठेतल्या एका काउंटरवर होतो. त्या कात्रीचं कौतुक मला सांगू नका, ती माझ्याच हातात असायची. लोक यायचे, 'ते घशाचं तीन गोळ्यांचं द्या.' म्हणजे अझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक. चिठ्ठी? 'अहो बहिणीला लागू पडलं होतं.' पट्टीवर लाल रेघ असते ना, ती डेकोरेशन नाहीये, चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून असते. 2014 पासून तर काही ठरावीक कडक औषधांची वेगळी यादी आली, शेड्यूल एच-वन, त्यांचं रजिस्टर ठेवा, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, तीन वर्षं जपून. आम्ही रविवारी दुपारी बसून जुन्या चिठ्ठ्यांवरची नावं भरायचो. हा तुमचा देवमाणूस केमिस्ट.

सांगलीची_सून
मी अँटिबायोटिक मागितलं का? जी गोळी मी सहा वर्षं रोज खातेय आणि मरेपर्यंत खाणार आहे ती मागितली. तुमच्या इंग्लंडात असं झालं तर काय करता, तेही सांगा ना.

गोळीवाला
... इमर्जन्सी सप्लाय देतो. पेशंटला आधी ते औषध लिहून दिलेलं असलं आणि मला पटलं तर चिठ्ठीशिवाय तीस दिवसांपर्यंत देऊ शकतो, झोपेच्या वगैरे काही गोळ्या पाचच दिवस, आणि जास्त कडक कंट्रोल असलेलं काही नाही. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण तो निर्णय शिकलेल्या माणसाचा असतो, कात्रीचा नाही.

एडिसनचा_आप्पा
पाच युरोची गोळी तीन तासांत मिळाली म्हणून निबंध. इकडे अमेरिकेत या. मुलीचा इन्हेलर, दोन वर्षं चालू, 1 जानेवारीला इन्शुरन्सने यादी बदलली, प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे त्यांची आधी मंजुरी, लागेल म्हणे. डॉक्टरचं ऑफिस म्हणतं फॅक्स केला, इन्शुरन्स म्हणतं मिळाला नाही, फार्मसी म्हणते आम्ही मधे पडत नाही. अकरा दिवस. पोरगी रात्री शिट्टीसारखा श्वास घेतेय आणि मी होल्ड म्युझिक ऐकतोय. तोवर आईने पुण्याहून डॉक्टरची चिठ्ठी पाठवली, साल्ब्युटामॉल लिहिलेली. एक तर तिकडची चिठ्ठी इथे चालत नाही, वर काउंटरवरचा पोरगा म्हणतो असं औषधच नाही. अरे बाबा, तुमच्याकडे त्यालाच अल्ब्युटेरॉल म्हणतात! आणि इंडियाला जाताना दोन महिन्यांचं आधी मागा, 'टू सून टु रिफिल.'

चकली_२०२६
नमस्कार, नवीन आहे इथे. फेब्रुवारीत पुण्याहून श्टुटगार्टला कोणी येतंय का? आई इकडे आलीय, तिच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, छोटी पिशवी आहे.

शारजा_ते_सातारा
झालं! याचीच वाट बघत होतो. हे 'छोटी पिशवी'वाले खरे डोकेदुखी आहेत. 2019 ला एका ओळखीच्या काकांची पिशवी आणली, 'गुडघ्याच्या गोळ्या आहेत रे.' आखातातल्या एका विमानतळावर बॅग उघडली, त्यात ट्रॅमाडॉल, कडक पेनकिलर. तिकडे ते नशेच्या पदार्थांसारखं कंट्रोल्ड आहे, स्वतःचं न्यायचं तरी परवानगी काढावी लागते, आणि माझ्याकडे ना चिठ्ठी ना परवानगी ना पेशंट. चार तास एका खोलीत. पासपोर्ट त्यांच्याकडे. बायको बाहेर दोन लेकरं घेऊन. काकांना फोन केला तर म्हणतात, 'अरे मग माझ्या गोळ्यांचं काय झालं?'

बाळाची_आई (श्टुटगार्ट)
तुमच्या काकांमुळे सगळ्यांना झोडू नका. 2022 च्या डिसेंबरात इथे मुलांच्या तापाचं सिरप नव्हतं, आठवतंय का कुणाला? मी सहा आपोथेके फिरले, पोरगा १०३ ने फणफणलेला. शेवटी एका मैत्रिणीचा नवरा नाशिकहून येत होता, त्याने दोन बाटल्या आणल्या. त्याला मी आयुष्यभर दुवा देईन. नियम वगैरे नंतर.

गोळीवाला
आणि त्या सिरपचं पाच मिलीत किती मिलिग्रॅम होतं ते वाचलंत का? तिकडे 120 ची बाटली असते तशी 250 ची पण असते. 120 च्या सवयीने 250 चं माप भरलंत की डबल डोस.

बाळाची_आई
वाचलं. मला वाचता येतं.

शारजा_ते_सातारा
ताई, प्रवाशाला स्वतःच्या गरजेपुरतं आणता येतं. दुसऱ्यासाठी आणलं की ती चोरटी आयातच.

बाळाची_आई
म्हणजे मी स्मगलर? तापाच्या सिरपची? वा. आणि तुम्ही काकांची पिशवी उघडून न बघता आणलीत ते शहाणपण.

एडिसनचा_आप्पा
हाहा. यावर उत्तर द्या सातारकर.

शारजा_ते_सातारा
सील केली होती. वयस्कर माणसाची पिशवी उघडायची पद्धत नाही आमच्यात.

अर्धवट_डॉक्टर
पिशव्या बाजूला ठेवून मूळ मुद्द्यावर येऊ का? थायरॉक्सिनचं, म्हणजे त्या थायरॉइडच्या गोळीचं, हाफ-लाइफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण सात दिवस आहे. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर कुणी कोसळत नाही. सणाच्या आठवड्यात बदली डॉक्टरकडे तुमच्यासारखे लोक तीन तास अडवून बसतात आणि मग खऱ्या तापाचे पेशंट ताटकळतात. आपोथेकेने योग्यच केलं.

सांगलीची_सून
डोस का वाढवला होता ते विचारलं नाहीत. नववा आठवडा होता. तेव्हा घरात कुणालाच सांगितलं नव्हतं म्हणून वर लिहिलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच हॉर्मोनवर असतं, हे मला त्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात सही करायला विसरल्या. हाफ-लाइफ गूगल करून मीही रात्री दोनला वाचलं होतं.

अर्धवट_डॉक्टर
हे आधी लिहायला हवं होतं. अशा वेळी खंड पडू देऊ नये, बरोबर. अडवून बसणाऱ्यांचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

गोळीवाला
इमर्जन्सी सप्लायसारखं काहीतरी तिकडेही असायला पाहिजे, एवढं लिहून देतो. पण सांगलीच्या पाकिटावर एक्सपायरी कुठे असते हो? पट्टी कापली की ती तारीख उरलेल्या तुकड्यावर जाते.

सांगलीची_सून
नसते. ठीक आहे. बाबांना सांगेन अख्खी पट्टी घ्या म्हणून.

चकली_२०२६
सगळ्यांना एक सांगायचं राहिलं. काल आईला इथल्याच डॉक्टरकडे नेलं. टेल्मिसार्टन इथेही मिळतं, तेच औषध, नाव वेगळं. डॉक्टरचे पैसे खिशातून गेले, ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले म्हणाले आधीपासूनचा आजार, आम्ही देत नाही. पण निळ्या, म्हणजे स्वखर्चाच्या, चिठ्ठीवर खोकी लगेच मिळाली. पिशवी कॅन्सल. आई म्हणतेय गोळीचा रंग वेगळा आहे, ही आपली नाही, आता तिला कोण समजावणार. ज्यांनी झापलं त्यांचेही आभार, काही लोक जरा हळू झापू शकले असते.