५०९० घेऊ का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: मंडळी, सल्ला हवाय. गेमिंगसाठी नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय आणि एनव्हिडियाचं सगळ्यात वरचं आरटीएक्स ५०९० मनात भरलंय. पैसे साठवलेत, कुणाकडे मागत नाहीये. पण एवढी रक्कम एका कार्डात घालावी का, तेच ठरत नाहीये. मनापासून सांगा.

ताई: घे. माझ्याकडे तेच आहे, झकास चालतं.

काका: ताई, तुझं काम चालतं त्याच्यावर. याला फक्त खेळायचंय ना?

दादा: हो काका, गेमिंगच. संध्याकाळी जमेल तेवढं.

मी: दादा, आधी मॉनिटर कोणता ते सांग. आणि बाकीचं मशीनही.

दादा: २७ इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झ. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आता आरटीएक्स ३०७० कार्ड आहे, एसएमपीएस (मशीनचा वीजपुरवठा) ६५० वॅटचा.

मी: मग माझं मत नको असं आहे. जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या १४४०पी पडद्याच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, सुमारे ३७ लाख पिक्सेल (ठिपके) असतात, ४के पडद्यावर ८३ लाख. ५०९० बनवलंय ते त्या ८३ लाखांसाठी. ४केवर ते एक पायरी खालच्या ५०८०च्या साधारण दीडपट वेगाने चालतं. रिझोल्युशन खाली आणलं की ही आघाडी कमी होत जाते, कारण कार्ड आपलं काम झटकन उरकतं आणि प्रोसेसरची वाट बघत थांबतं. १६५ एफपीएस (सेकंदाला १६५ फ्रेम) हवे असतील तर एका फ्रेमला जेमतेम ६ मिलिसेकंद मिळतात. कोण कुठे पळालं, गोळी कुठे लागली, गर्दीतला कोणता माणूस कुठे वळला, हा सगळा हिशोब तेवढ्यात प्रोसेसरने करून द्यायचा, मग कार्ड चित्र काढणार. तुझा ३६०० हा २०१९चा. त्याला हे झेपत नसेल तर जगातलं सगळ्यात भारी कार्ड लावून काहीही होणार नाही.

दादा: पण ३०७० दमलंय हे नक्की. गेम मध्येच अडकतो गं.

मी: कुठे आणि कसा अडकतो ते बघू. आज खेळताना स्क्रीनवर जीपीयू (कार्डाची चिप) वापर, व्हीरॅम (कार्डाची मेमरी) आणि एफपीएस दिसतील असा ओव्हरले, म्हणजे गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी, लाव. जीपीयू ९७-९८ टक्क्यांवर असेल तर अडचण कार्डाची. ५०-६० वर असेल तर बहुतेक प्रोसेसरची. खात्री करायला त्याच जागी उभा राहून रिझोल्युशन १०८०पी कर. एफपीएस वाढले नाहीत तर कार्डाचा दोष नाहीच. आणि एफपीएसवर कॅप (वरची मर्यादा) किंवा व्हीसिंक (एफपीएस पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग) लावलेलं असेल तर आधी काढ, नाहीतर आकडे फसवतात.

दादा: रात्री करून सांगतो.

वहिनी: मला एक विचारायचं होतं. पैसे त्याचे आहेत, कष्टाने साठवलेत, माझी हरकत नाही. पण जाहिरातीत दाखवतात ते २४० एफपीएस खरे असतात का? तो मला सारखे तेच आलेख दाखवतो.

मी: वहिनी, नेमकं विचारलंत. ५०च्या मालिकेत मल्टी फ्रेम जनरेशन आहे. कार्ड एक फ्रेम खरी काढतं आणि ती व पुढची खरी फ्रेम यांच्या मध्ये, समजा, तीन फ्रेम अंदाजाने भरतं. ६० खऱ्या असल्या तर पडद्यावर २४० दिसतात. हलणारं चित्र खरोखर गुळगुळीत दिसतं, ते नाकारत नाही. पण माऊस हलवला की गेम प्रतिसाद देतो तो त्या ६०च्याच वेगाने, उलट थोडा उशिरा, कारण मधल्या फ्रेम भरायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते. मूळच्या ३०च असतील तर १२० दिसूनही हाताला जडच लागणार. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या जेन्सन ह्वांग यांनी ५०७०मध्ये आधीच्या मालिकेतल्या सगळ्यात वरच्या ४०९०ची कामगिरी मिळेल असं मंचावरून सांगितलं, ते याच भरलेल्या फ्रेम धरून. एकाची मेमरी १२ जीबी, दुसऱ्याची २४! आलेख बघताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून मोजलेले आकडेच बघायचे.

वहिनी: हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई: अपस्केलिंगला मात्र नावं ठेवू नका. ४केवर एनव्हिडियाच्या डीएलएसएस अपस्केलिंगचा क्वालिटी मोड आतून १४४०पीच काढतो आणि मोठं करतो, आणि चालू गेममध्ये मला फरक सापडत नाही.

मी: मान्य. अपस्केलिंगने खरा वेग वाढतो, प्रतिसादही सुधारतो. फ्रेम जनरेशनला त्याच्याच रांगेत बसवतात, ते मला पटत नाही.

काका: ५०९० किती वॅट खातं?

मी: ५७५ पर्यंत, काका. नुसतं कार्ड. अख्ख्या मशीनसाठी १००० वॅटचा एसएमपीएस सुचवलाय.

काका: म्हणजे चार तास पूर्ण लोडवर २.३ युनिट. तेही सोड, ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत येणार. दार लावून बसलात तर हीटर लावून बसल्यासारखं. आणि ५७५ वॅट १२ व्होल्टवर म्हणजे जवळजवळ ४८ अँपिअर! केबल कसली आहे?

मी: १६ पिनांचा छोटा कनेक्टर. त्यात १२ व्होल्टच्या सहा पिना.

काका: मग पिनेमागे ८ अँपिअर. जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरचं काय होतं?

मी: त्याची मर्यादा १५० वॅट, १२ व्होल्टच्या तीन पिना.

काका: म्हणजे पिनेमागे सव्वाचारच्या आत. बघा हा फरक. मी आयुष्यभर इलेक्ट्रिकल पॅनलमध्ये काम केलंय, माझं लक्ष आधी जोडणीवर जातं. सहापैकी एका पिनेचा संपर्क ढिला झाला तर तिचा करंट बाकीच्या पाच उचलतात. साधारण १० अँपिअर होतात. करंट वाढला की उष्णता त्याच्या वर्गाने वाढते. प्लास्टिक आधी मऊ पडतं, मग संपर्क आणखी बिघडतो.

मी: तसंच झालं होतं काका. २०२२ मध्ये ४०९० आल्यावर कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीचं म्हणणं होतं की प्लग पूर्ण आत बसवला नव्हता. नंतर सेन्स पिना (कार्डाला इशारा देणाऱ्या छोट्या पिना) आखूड केलेला सुधारित कनेक्टर आला, म्हणजे अर्धवट बसला तर कार्ड पॉवर घेणारच नाही.

काका: चांगली सुधारणा आहे, पण करंट तेवढाच राहिला. कार्ड कोणतंही घे, प्लग बसवल्यावर टॉर्च लावून बघ, फट दिसता कामा नये. आणि वायर प्लगच्या तोंडापाशी मुडपू नको, थोडी सरळ येऊ दे, मग वळव. कॅबिनेटच्या काचेने ती दाबली जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दादा: काका, हे लिहून ठेवतो.

(रात्री)

दादा: चाचणी झाली. ऑनलाइन शूटरमध्ये जीपीयू ५८ टक्के. १०८०पी केलं तरी एफपीएस तेवढेच, ११०च्या आसपास. सायबरपंक गेममध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून काढलेलं चित्र) लावलं की जीपीयू ९९, व्हीरॅम काठोकाठ, आणि गाडीने वळलो की झटके. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं तर झटके जवळजवळ गेले.

मी: मस्त मोजलंस. म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत. शूटरमध्ये प्रोसेसर अडवतोय. सायबरपंकमध्ये ८ जीबी व्हीरॅम पुरत नाही. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचता येते. ती भरली की उरलेलं टेक्स्चर साध्या रॅममधून आणावं लागतं आणि तुझ्या बोर्डावरची वाट पीसीआयई ३.०, म्हणजे सेकंदाला १६ जीबीच्या आत. वळताना नवीन रस्ता दिसायला लागतो, तेव्हाच ते ओढून आणावं लागतं, म्हणून झटका नेमका तिथे.

दादा: मग ५०९०मध्ये ३२ जीबी आहे, प्रश्नच मिटला की.

मी: १६मध्येही मिटतो. १४४०पीवर ५०७० टीआय किंवा एएमडीचं ९०७० एक्सटी तुला भरपूर होईल. दोन्हींत १६ जीबी, दोन्ही ३०० वॅटच्या आसपास. आणि प्रोसेसर आधी. तुझ्या बोर्डावर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५०००च्या मालिकेतला, शक्यतो एक्स३डी (जादा कॅश मेमरीचा), बसेल. शूटरमध्ये लगेच जाणवेल.

दादा: पण मग पुन्हा लवकर बदलावं लागेल ना? एकदाच मोठं घेतलं की काळजी मिटली, असा माझा विचार.

ताई: माझ्या आधीच्या १०८० टीआयने तसंच केलं होतं. २०१७चं, ११ जीबी. वर्षानुवर्षं चाललं.

मी: ते कार्ड अपवाद म्हणावं इतकं चांगलं निघालं. तरी रे ट्रेसिंगचं हार्डवेअर त्यात नव्हतंच आणि डीएलएसएसही त्याला मिळालं नाही. ३०९०चं बघ. २०२० मध्ये सगळ्यात वरचं, २४ जीबी. २०२२ मध्ये ४०ची मालिका आली आणि एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन फक्त नव्या कार्डांना दिलं. २०२३च्या सुरुवातीला आलेलं ४०७० टीआय खेळात त्याच्या बरोबरीला बसलं. सर्वात वरच्या कार्डावर दिलेला जास्तीचा पैसा दोन वर्षांत असा निसटतो. कंपनीने जाहीर केलेली ५०९०ची किंमत ५०८०च्या दुप्पट आणि वेग दीडपट, तोही ४केवर. मला हा सौदा खेळणाऱ्याच्या बाजूचा वाटत नाही.

ताई: हे बरोबर आहे. मी घेतलं ते ३डी रेंडरसाठी. माझे सीन १६ जीबीत मावत नाहीत, आणि रेंडर लवकर झाला की काम लवकर हातावेगळं होतं. दादा, तू घरी एआय मॉडेल वगैरे चालवणार आहेस का? तसं असेल तर ३२ जीबीला अर्थ आहे.

दादा: खरं सांगायचं तर नाही.

ताई: मग माझं सकाळचं ‘घे’ मागे घेते. ४केचा मोठा पडदा घ्यायचं नक्की असतं आणि पाथ ट्रेसिंगच (रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार) खेळायचं असतं, तर वेगळं बोलले असते.

वहिनी: पडदा एवढ्यात बदलायचा नाहीये, ते आमचं ठरलंय.

दादा: ठीक. प्रोसेसर आधी, मग ५०७० टीआय. एसएमपीएस चालेल का?

मी: ७५० वॅटची शिफारस आहे. तुझा जुनाही झालाय, बदल. एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) बघून घे, म्हणजे १६ पिनांची केबल सरळ त्यातूनच येईल, अडॅप्टर लागणार नाही. आणि क्षणभर वॅट दुपटीपर्यंत उसळले तरी तो बंद पडत नाही.

काका: जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) केबल नव्याला लावू नको. प्लग बसतो, पण आतली वायरिंग वेगळी असू शकते.

दादा: नाही लावणार. कॅबिनेट मोजलं, कार्डाला ३२५ मिलिमीटर जागा आहे.

मी: पुढचा पंखा धरून की न धरता?

दादा: न धरता. थांब. पंखा धरून ३००.

मी: मग तीन पंख्यांची बरीच मॉडेल बसणार नाहीत. चिप तीच असते, लांबी प्रत्येक मॉडेलची वेगळी. २९०च्या आतलं शोध आणि जाडी किती स्लॉटची तेही बघ, तुझ्या बोर्डावर खालच्या स्लॉटला साउंड कार्ड आहे ना?

दादा: आहे. अडीच स्लॉटपर्यंत चालेल.

मी: दोन-तीन मॉडेल निवडून इथे टाक, लांबी आणि जाडी मी ताडून बघते.