मदत हवी आहे: फोटॉनची ऊर्जा पुरते, तरी सीएफसीचा बंध का तुटत नाही?

चौथा_बाक:
मंडळी, एमएस्सी पार्ट वनला आहे. ओझोनवर सेमिनार द्यायचाय आणि पहिल्याच स्लाइडवर गाडी अडलीय.

सीएफसी-१२ (ओझोनचा थर खाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनांपैकी एक) मधला कार्बन-क्लोरीन बंध तोडायला साधारण ३४० किलोजूल प्रति मोल लागतात. म्हणजे ३५० नॅनोमीटरचा फोटॉनसुद्धा (प्रकाशाचा कण) पुरतो, ३०० ला तर जवळजवळ ४०० किलोजूल मिळतात. २९० च्या पुढचा सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत येतोच. मग हा रेणू खालच्या हवेतच संपायला हवा ना? प्रत्यक्षात तो शंभरेक वर्षं टिकतो आणि वर स्थितांबरात (ओझोनचा थर असतो त्या उंचीवर) जाऊन फुटतो. सीएफसीमुळे ओझोनला असलेला धोका दाखवणाऱ्या मोलिना-रोलंडच्या १९७४ च्या पेपरापासून हेच सांगतात. सर म्हणाले, "शोषणच होत नाही." बरं, पण का होत नाही?

दुसरी शंका ब्रोमोआयोडोमिथेनची. त्यात कार्बन-आयोडीन बंध जास्त कमकुवत, तरी २१० नॅनोमीटरला ब्रोमीन सुटतो म्हणे. हे काही पचत नाही. गणित कमी, चित्र जास्त असं कोणी समजावेल का?

निळी_शाई:
सरांचं बरोबर आहे, फक्त अर्धंच सांगितलंय. बंधऊर्जा म्हणजे दोन तुकडे लांब नेऊन ठेवायचा खर्च. फोटॉनला मात्र रेणू आत्ता ज्या लांबीला आहे तिथेच इलेक्ट्रॉन उचलावा लागतो, कारण तेवढ्या वेळात अणुकेंद्रकं जागची हलत नाहीत (हेच फ्रँक-काँडन तत्त्व). हॅलोजनच्या लोन पेअरमधला (बंधात न अडकलेल्या जोडीतला) इलेक्ट्रॉन त्या बंधाच्या अँटिबाँडिंग कक्षकात, म्हणजे बंध सैल करणाऱ्या कक्षकात, जातो. या अवस्थेचा वक्र (बंधलांबीनुसार ऊर्जा दाखवणारी रेघ) नुसता उतार आहे, आणि मूळ बंधलांबीला तो बंधऊर्जेच्या कितीतरी वर असतो. तुमचा ३०० वाला फोटॉन बंधऊर्जा आणि हा वक्र यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो. तिथे पोचायला अवस्थाच नाही, म्हणून प्रकाश आरपार जातो.

हॅलोजन जड होत गेला की शोषणाचा पट्टा (रेणू प्रकाश शोषतो त्या तरंगलांबी) लांब तरंगलांबीकडे सरकतो. शिखर मिथाइल क्लोराइडला १७० च्या आसपास, ब्रोमाइडला २०० च्या जरा पुढे, आयोडाइडला २६० जवळ. आयोडाइडची शेपटी २९० च्या पलीकडे जाते, म्हणून समुद्रातून हवेत येणारं मिथाइल आयोडाइड काही दिवसांतच संपतं. शंभर वर्षं विरुद्ध काही दिवस, आणि त्यामागे एका पट्ट्याची जागा. मला तर सेमिनारचा खरा विषय हाच वाटतो.

तळटीप:
वरच्यात एक भर. स्थितांबरातही सगळा अतिनील प्रकाश मिळत नाही. छोट्या तरंगलांबी ऑक्सिजन खातो, २५० च्या आसपासच्या ओझोन. दोघांच्या मध्ये, साधारण १९० ते २२० नॅनोमीटरला, एक फट राहते आणि सीएफसी फुटतात ते मुख्यतः तिथे.

ब्रोमोआयोडोमिथेनमध्ये दोन वेगळे पट्टे आहेत: २७० जवळचा आयोडीनच्या बाजूचा, २१५ जवळचा ब्रोमीनच्या बाजूचा. बर्कलीत युआन ली यांच्या गटाने १९८० च्या दशकात रेणूंच्या झोतावर हे तपासलं. २४८ ला मुख्यतः आयोडीन सुटला, २१० ला ब्रोमीन. ऊर्जा रेणूभर पसरून कमकुवत बंध शोधत बसायला वेळच नसतो, ज्या बंधावर इलेक्ट्रॉन चढला तो आधीच ताणला गेलेला असतो.

चौथा_बाक:
आता डोक्यात शिरलं. फक्त उरलेल्या ऊर्जेचं काय होतं? हे कोणीतरी विचारणारच.

तळटीप:
मिथाइल आयोडाइडचं उदाहरण द्या. २६६ नॅनोमीटरचा फोटॉन ४.६६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, बंधाला साधारण २.४ लागतात. बहुतेक वेळा आयोडीन अणू उत्तेजित अवस्थेत सुटतो आणि ०.९४ स्वतःकडे ठेवतो. बाकीची बरीचशी तुकड्यांच्या वेगात जाते, थोडी मिथाइलच्या कंपनात. सगळा खेळ सुमारे १०० फेमटोसेकंदांत उरकतो. तोवर रेणू नीट फिरलेलाही नसतो, म्हणून तुकडे लेसरच्या ध्रुवणाच्या (प्रकाशाचं विद्युतक्षेत्र डोलतं त्या) दिशेनेच जास्त उडतात. पडद्यावर त्या वेगांची वर्तुळं टिपायचं आयन-इमेजिंग १९८७ चं, चँडलर आणि ह्यूस्टन यांचं.

निळी_शाई:
स्लाइडवर मिथाइल क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड यांचे तिन्ही शोषण-आलेख एकाच अक्षावर घ्या आणि २९० ला उभी रेघ मारा. उभा अक्ष लॉग ठेवा, नाहीतर आयोडाइडची शेपटी दिसणार नाही.