निवृत्तीचे 46 लाख: ज्येष्ठ नागरिक योजना, 15-जी आणि विवरणपत्र

सुदामानगर_इंदूर
नमस्कार. मी पीथमपूरच्या एका कारखान्यातून 30 नोव्हेंबर 2025 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधीचे 36 लाख, ग्रॅच्युइटीचे साडेसात लाख आणि शिल्लक रजेचे अडीच लाख, असे मिळून 46 लाख रुपये डिसेंबरच्या अखेरीस खात्यात जमा झाले. ईपीएसचे (कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे) निवृत्तिवेतन महिन्याला जेमतेम साडेचार हजार आहे. माझे वय 60 नसल्यामुळे ज्येष्ठ नागरिक बचत योजना मला मिळणार नाही, असे एका परिचिताने सांगितले, तर दुसऱ्याने 11 टक्के व्याज देणाऱ्या पतसंस्थेचे नाव सुचवले. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणून विवरणपत्र भरण्याची गरज नाही, हेही अनेकांकडून ऐकले. यातले खरे किती, ते कृपया सांगावे.

रामबागचे_काका
पहिली माहिती चुकीची आहे, आणि ती खरी धरून तुम्ही थांबलात तर मोठे नुकसान होईल. सेवानिवृत्त झालेल्या माणसाला 55 ते 60 या वयातही हे खाते उघडता येते. मात्र निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडावे लागते, आणि निवृत्तीपोटी मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे त्यात ठेवता येत नाहीत. म्हणजे मार्च उलटला की साठी गाठेपर्यंत ही योजना तुम्हाला बंद. कारखान्याकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला आजच मागा, कारण बहुतेकांचे काम तिथेच अडते.

या योजनेचा दर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के असून कमाल मर्यादा 30 लाख आहे. पूर्ण रक्कम ठेवल्यास दर तिमाहीस 61,500 रुपये मिळतील. 2025 या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आणला आणि बँकांच्या ठेवींचे दरही त्यामागोमाग उतरले. पण या खात्याचा दर उघडण्याच्या दिवशी जो असतो तोच पाच वर्षे टिकतो.

पतसंस्थेकडे कृपया वळू नका. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विमा असतो, आणि तो सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेला तो नाही. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम अशाच एका संस्थेत गमावली, म्हणून इतक्या कळकळीने लिहितो.

करसल्ला_तिलकनगर
काकांच्या मताशी मी सहमत आहे. आता कराविषयी. तुमची भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि रजेची रक्कम मर्यादेत असल्याने करमुक्त आहे. परंतु त्या पैशांवर मिळणारे व्याज करपात्र आहे, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते.

नव्या करप्रणालीत 2025-26 साठी मूळ सूट, म्हणजे ज्यावर कर लागतच नाही ते उत्पन्न, चार लाखांची आहे, तर बारा लाखांपर्यंत जो कर शून्य होतो तो कलम 87-अ च्या सवलतीमुळे. विवरणपत्राचे बंधन चार लाखांवरून ठरते, बारा लाखांवरून नव्हे. समजा तुमचा पगार महिना 62,000 होता. मग आठ महिन्यांचे 4,96,000 होतात आणि 75,000 ची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) जाऊनही 4,21,000 उरतात. त्यामुळे या वर्षी कर शून्य असला तरी विवरणपत्र भरणे आवश्यक आहे.

व्याजातून कर कापू नये म्हणून जो फॉर्म द्यायचा, त्यातला 15-एच 2025-26 च्या नियमांनुसार साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत तुमच्यासाठी नाही, 15-जी आहे. त्यासाठी कर शून्य असणे आणि वर्षभराचे एकूण व्याज मूळ सूटमर्यादेच्या आत असणे, या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. योजनेचे वार्षिक व्याज 2,46,000 आणि उरलेल्या पैशांतून समजा दहा लाखांची साडेसहा टक्क्यांची ठेव केली तर तिचे 65,000 मिळून 3,11,000 होतात, म्हणजे तुम्ही त्यात बसता. फॉर्म दिला नाही तर टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच घेतला जाणारा कर, कापला जाईल. तो परत मिळतो, पण परताव्यापर्यंत थांबावे लागते.

सुदामानगर_इंदूर
मनापासून आभार. दाखल्यासाठी आजच कार्यालयात फोन केला. उरलेले 16 लाख पत्नीच्या नावे ठेवले तर माझे व्याज कमी दिसेल का?

करसल्ला_तिलकनगर
नाही. पत्नीला भेट दिलेल्या रकमेचे उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात मिळवले जाते. तिला पैसे देण्यात गैर काही नाही. करबचत म्हणून मात्र त्याचा उपयोग होत नाही.

स्नेहलतागंज_ताई
मला एक वेगळी काळजी वाटते. दर तिमाहीचे 61,500 रुपये पाच वर्षांनीही 61,500 च राहतील, आणि महागाई सहा टक्क्यांनी वाढत गेली तर बारा वर्षांत घरखर्च दुप्पट होईल. तेव्हा तुम्ही सत्तरीत असाल. म्हणून व्याजाचा काही भाग आजपासूनच बाजूला काढा, आणि 16 लाखांतले तीन-चार लाख आजारपणासाठी लगेच मोडता येतील अशा लहान ठेवींत ठेवा. ठेव एकत्रित व्याजाची, म्हणजे सगळे व्याज मुदतीअखेर देणारी, असली तरी कर दरवर्षीच्या व्याजावर लागतो, हेही लक्षात असू द्या.

खाते उघडताना वहिनींना संयुक्त खातेदार करा आणि वारसाचे नाव त्याच दिवशी नोंदवून पासबुकात तपासून घ्या. माझ्या वडिलांच्या खात्यात ते नाव नव्हते, आणि आईला त्या पैशांसाठी चौदा महिने फेऱ्या माराव्या लागल्या.