युद्धविरोधी, पण पक्षाबाहेरचा मानल्या जाणाऱ्या उमेदवाराला प्रायमरीत पाठिंबा द्यावा का?

शरयू (प्रश्न)

मला अमेरिकेचे नागरिकत्व मिळून वर्ष झाले. २०२८ ची अध्यक्षीय प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, ही माझ्या आयुष्यातली पहिली प्रायमरी असेल. मी न्यू जर्सीत राहते आणि अजून कोणत्याही पक्षात नाव नोंदवलेले नाही.

माझ्यासाठी सर्वांत मोठा प्रश्न युद्धाचा आहे. करांबद्दल, आरोग्यविम्याबद्दल मलाही मते आहेत, पण त्या बाबतीत अध्यक्षाला संसदेची, म्हणजे काँग्रेसची, गरज लागते. युद्धाच्या बाबतीत तशी गरज व्यवहारात उरलेलीच नाही. राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला असला, तरी काँग्रेसने शेवटची रीतसर युद्धघोषणा केली ती जून १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, लिबिया अशी यादी वाढत गेली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर सप्टेंबर २००१ मध्ये संमत झालेल्या, लष्करी बळ वापरण्याची परवानगी देणाऱ्या ठरावाचा आधार पुढे अनेक देशांतल्या कारवायांसाठी घेतला गेला. तो ठराव संमत होताना प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असे मतदान झाले होते आणि ते एकमेव विरोधी मत बार्बरा ली यांचे होते. म्हणूनच व्हाइट हाउसमध्ये कोण बसणार, यावर माझ्या मते इतर कोणत्याही विषयापेक्षा युद्धाचा प्रश्न अधिक अवलंबून असतो.

अडचण अशी की, जे उमेदवार याबद्दल स्पष्ट बोलतात ते जवळजवळ नेहमीच पक्षाच्या कडेला उभे असतात. त्यांच्याकडे पैसा नसतो, वादसभेत त्यांना टोकाची जागा मिळते आणि आमच्या राज्यात जूनमध्ये मतदान होईपर्यंत बहुतेकांनी माघार घेतलेली असते. अशा उमेदवाराला मत देणे म्हणजे मत वाया घालवणे, असे माझ्या यजमानांचे ठाम मत आहे. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. ज्यांनी हे राजकारण जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे, अशा पाठिंब्याने आजवर प्रत्यक्षात काही घडले आहे का?

जुनी पाने

शरयूताई, घडले आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला १९६८ चा आहे. तो सविस्तर सांगतो, कारण त्यातली यशाची बाजू सर्वांना ठाऊक असते आणि बाकीची बहुधा विसरली जाते.

१९६७ मध्ये तत्कालीन अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातून कोणीतरी उभे राहावे यासाठी अ‍ॅलर्ड लोवेनस्टाइन हे कार्यकर्ते दारोदार फिरत होते. रॉबर्ट केनेडी यांनी नकार दिला, जॉर्ज मॅक्गव्हर्न यांनीही दिला. शेवटी मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी तयार झाले आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी उमेदवारी जाहीर केली. त्यांच्याकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. मग जानेवारीच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला झाला आणि ‘युद्ध आपण जिंकत आहोत’ या सरकारी आश्वासनावरचा लोकांचा विश्वास ढासळला. त्याच सुमारास शेकडो विद्यार्थी न्यू हॅम्पशरमध्ये घरोघरी फिरत होते. वयस्कर मतदारांनी दार लावून घेऊ नये म्हणून अनेकांनी दाढ्या उतरवल्या, केस कापले.

१२ मार्च १९६८ रोजी मॅकार्थींना सुमारे ४२ टक्के मते मिळाली, तर जॉन्सन यांना ४९ च्या आसपास. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. त्यांच्या समर्थकांना ते हाताने लिहावे लागले. म्हणजे मॅकार्थी हरले होते, पण पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या राज्याच्या २४ प्रतिनिधींपैकी २० त्यांच्या बाजूचे निवडून आले, कारण जॉन्सन यांच्या गोटाने जागांपेक्षा जास्त माणसे उभी करून स्वतःचीच मते विभागली होती. चार दिवसांनी केनेडी मैदानात उतरले आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा उभे न राहण्याची घोषणा केली. वर्तमान अध्यक्षाने अशा रीतीने बाजूला होणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि तिची सुरुवात एका पराभवातून झाली.

आता दुसरी बाजू. जूनमध्ये केनेडींची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना, आणि त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. युद्ध थांबवण्याचा ठराव त्याच अधिवेशनात सुमारे १,५६७ विरुद्ध १,०४१ मतांनी फेटाळला गेला. प्रायमरीत मते मिळवली म्हणजे सत्ता हाती येते, असा तेव्हाचा नियमच नव्हता. ही गोष्ट इतकी उघडी पडली की पक्षाला प्रतिनिधी निवडण्याची पद्धत बदलण्यासाठी आयोग नेमावा लागला, आणि आज आपण ज्या प्रायमरीत मत देणार आहात ती बव्हंशी त्या सुधारणांतून घडलेली आहे. माझ्या दृष्टीने १९६८ च्या त्या तरुणांची टिकाऊ कमाई हीच होय. युद्ध ते थांबवू शकले नाहीत, पण पुढच्या असंतुष्टांसाठी दार थोडे अधिक उघडे करून गेले.

तटस्थ

वरील प्रतिसाद मनापासून लिहिलेला आहे, पण त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

पहिली गोष्ट, मॅकार्थींना मते देणारे सगळे युद्धविरोधी नव्हते. न्यू हॅम्पशरमधल्या त्यांच्या मतदारांत, जॉन्सन पुरेशा जोराने युद्ध लढत नाहीत म्हणून नाराज असलेले लोकही मोठ्या संख्येने होते, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. निषेधाच्या मताला स्वतःचा आवाज नसतो. त्याचा अर्थ नंतर दुसरेच कोणीतरी लावतात.

दुसरी गोष्ट परिणामांची. नोव्हेंबर १९६८ मध्ये हम्फ्री एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले. मॅकार्थींनी त्यांना पाठिंबा जाहीर केला तो मतदानाला आठवडा उरला असताना, तोही थंडपणे. त्यानंतर विजयी झालेले रिपब्लिकन निक्सन यांच्या कारकिर्दीत व्हिएतनाममध्ये आणखी सुमारे वीस हजार अमेरिकी सैनिक मारले गेले, आणि त्या काळात मेलेल्या व्हिएतनामी, कंबोडियन व लाओशियन माणसांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती. हम्फ्री जिंकले असते तर युद्ध लवकर संपले असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, परंतु सप्टेंबरच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात त्यांनी बॉम्बहल्ले थांबवण्याची तयारी दाखवली होती, हे विसरता येत नाही. १९७२ मध्ये तर युद्धविरोधी उमेदवारालाच पक्षाची उमेदवारी मिळाली. मॅक्गव्हर्न ४९ राज्ये हरले. मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा एवढेच त्यांच्या वाट्याला आले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका विषयावरून माणूस पारखला की त्याचे बाकीचे अंग नजरेआड होते. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉन पॉल आणि डेनिस कुसिनिच या दोघांनीही इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले होते. २००८ च्या प्रायमरीत, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, दोघेही शांततेचे उमेदवार म्हणून उभे होते. पण पॉल यांना सार्वजनिक आरोग्यविमा, किमान वेतन आणि केंद्रीय बँक या तिन्हींबद्दल काय वाटत होते, याचा विचार न करता त्यांना मत देणे मला तरी जमले नसते. उलट बाजूने पाहायचे तर ओबामांना अनेकांनी ‘युद्धविरोधी’ म्हणून उचलून धरले, कारण २००२ मध्ये त्यांनी इराक युद्धाविरुद्ध भाषण केले होते. अफगाणिस्तानात सैन्य वाढवणार हे त्यांनी प्रचारातच सांगितले होते. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी आणखी ३०,००० सैनिकांची घोषणा केली, तेव्हा धक्का बसलेल्यांनी त्यांचे अर्धेच बोलणे ऐकलेले होते. आणि २०११ मध्ये लिबियावरचे हल्ले काँग्रेसच्या मंजुरीशिवायच झाले.

त्यामुळे मत द्यायचे असेल तर अवश्य द्या, पण उमेदवाराची पूर्ण कारकीर्द वाचल्याशिवाय देऊ नका.

हिमवाट

जानेवारी २००४ मध्ये मी विद्यार्थी व्हिसावर होतो. मत देता येत नव्हते, देणगी देता येत नव्हती, पण विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करण्यास कायद्याने मनाई नव्हती. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभे असलेल्या हॉवर्ड डीन यांच्या प्रचारासाठी मी आयोवाला गेलो. आमच्यासारख्या हजारो स्वयंसेवकांना नारिंगी लोकरी टोप्या दिल्या होत्या आणि त्या कडाक्याच्या थंडीत आम्ही घरोघर फिरत होतो.

त्या वर्षीच्या प्रमुख उमेदवारांत इराक युद्धाला सुरुवातीपासून सर्वांत ठामपणे विरोध करणारे डीनच होते. इंटरनेटवरून छोट्या देणग्या उभ्या करण्याची त्यांची पद्धत तेव्हा नवी होती आणि आम्हाला वाटत होते की आता कोणी अडवू शकत नाही. १९ जानेवारीच्या रात्री सिनेटर जॉन केरी यांना ३८ टक्के, सिनेटर जॉन एडवर्ड्स यांना ३२ आणि डीन यांना १८ टक्के मिळाले. केरी आणि एडवर्ड्स दोघांनीही युद्धाच्या बाजूने मत दिलेले होते.

एका शेतकरी बाईंचे शब्द मला आजही आठवतात. त्यांनी मला आत बोलावून गरम कॉफी दिली, माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तू सांगतोस ते पटते रे, पण माझ्या शेजाऱ्यांपैकी कोणी हे मला सांगितले असते तर मी कॉकसला गेले असते.” कॉकस म्हणजे उमेदवार निवडण्यासाठी भरणारी स्थानिक सभा, आणि तिथे लोक शेजाऱ्यांसमोर उभे राहून आपली बाजू निवडत असत. आमच्यापैकी कोणीच तिथले नव्हते. आमच्या टोप्याच आमचे परकेपण दुरून सांगत होत्या.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट. ज्या केंद्रांवर कुसिनिच यांच्या समर्थकांची संख्या हिशेबात धरले जाण्यासाठी लागणारी १५ टक्क्यांची मर्यादा गाठू शकत नव्हती, तिथे त्यांनी एडवर्ड्स यांच्याकडे जावे असे स्वतः कुसिनिच यांनीच सांगितले होते. शांततेच्या उमेदवाराची मते युद्धाला मत दिलेल्या माणसाकडे वळली, आणि तीही डीन यांना ओलांडून. मला तेव्हा फार राग आला होता. आज वाटते, आपल्यात आधी बोलणे झाले नसेल तर असेच होणार.

तरीही मी ते दिवस वाया गेले असे मानत नाही. डीन पुढच्या वर्षी पक्षाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी पन्नासही राज्यांत संघटना बांधण्याचा आग्रह धरला. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांचे इराक युद्धाच्या बाजूचे २००२ चे मत त्यांना महागात पडले, कारण तोपर्यंत इराकबद्दल प्रश्न विचारणे ही पक्षातली किरकोळ माणसांची गोष्ट राहिली नव्हती. ते वातावरण तयार करण्यात आमच्या त्या पराभवाचा वाटा आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

शरयू

हिमवाट, त्या बाईंचे वाक्य मनात राहील. तटस्थ यांचा पूर्ण कारकीर्द वाचण्याचा आग्रहही मान्य. पण मग जूनमध्ये मत देणाऱ्या आमच्यासारख्यांनी करायचे काय? तोपर्यंत सगळे ठरलेले असते.

लेखनिक

मी न्यू जर्सीतच पक्षाच्या स्थानिक कामात असतो, म्हणून फक्त व्यवहाराचे सांगतो.

जूनची वाट पाहत बसू नका. कडेच्या उमेदवाराला मताची गरज नंतर लागते. आधी गरज लागते ती त्याला वादसभेत उभे करणाऱ्यांची. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या वादसभांसाठी ६५,००० देणगीदार किंवा तीन जनमत चाचण्यांत १ टक्का, अशी अट ठेवली होती. देणगी एक डॉलरची असली तरी ती मोजली जात होती. माजी सिनेटर माइक ग्रॅव्हल तेव्हा ८९ वर्षांचे होते आणि त्यांची मोहीम काही किशोरवयीन मुलांनी चालवली होती. त्यांनी देणगीदारांचा आकडा गाठला, पण तो इतका उशिरा की जागा चाचण्यांच्या आधारे इतरांना गेल्या. हेच पैसे दोन महिने आधी आले असते तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. (हे तेच ग्रॅव्हल, ज्यांनी १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाबद्दलची पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रे सिनेटच्या उपसमितीच्या नोंदीत वाचून दाखवली. आणि १९६८ मध्ये अलास्काच्या प्रायमरीत त्यांनी ज्यांना हरवले ते अर्नेस्ट ग्रूनिंग, व्हिएतनाममध्ये बळ वापरण्याची मोकळीक देणाऱ्या टोंकिनच्या आखाताच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या दोनच सिनेटरांपैकी एक. मॅकार्थींनी त्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते.)

दुसरे, आपल्या राज्यात पक्षाच्या जिल्हा संघटनेने निवडलेल्या उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर एका ओळीत मांडली जात आणि बाकीच्यांची नावे कुठेतरी कोपऱ्यात जात. मार्च २०२४ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे असलेले अँडी किम यांच्या दाव्यावर संघराज्य न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ही रचना थांबवली. बाहेरच्या उमेदवारासाठी हा फरक किती मोठा आहे, हे इथे वर्षानुवर्षे काम केल्याशिवाय कळत नाही.

तिसरे, नोंदणी. कोणत्याही पक्षात नाव नसेल तर आपल्याकडे मतदानाच्या दिवशीही पक्ष निवडता येतो. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली एप्रिलच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायचा तर आदल्या ऑक्टोबरमध्येच अर्ज द्यावा लागत होता आणि उमेदवार बर्नी सँडर्स यांच्या कितीतरी समर्थकांना ते कळले तेव्हा उशीर झाला होता.

जुनी पाने

तटस्थ, निषेधाच्या मताला स्वतःचा आवाज नसतो, या आपल्या म्हणण्याला एक उत्तर अलीकडे मिळाले आहे. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक लाखाहून अधिक मतदारांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी, ‘अनकमिटेड’ (कोणत्याही उमेदवाराला बांधील नाही) या पर्यायावर खूण केली. त्या पर्यायामागे उमेदवारच नव्हता. गाझातल्या युद्धाबद्दलची मागणी आयोजकांनी आधीच जाहीर केलेली असल्यामुळे त्या मतांचा अर्थ दुसऱ्या कोणाला लावावा लागला नाही. देशभरातून त्यांचे सुमारे ३० प्रतिनिधी शिकागोच्या अधिवेशनात पोहोचले. व्यासपीठावरून एका पॅलेस्टिनी-अमेरिकी वक्त्याला बोलू द्यावे, ही त्यांची साधी विनंतीही मान्य झाली नाही, आणि त्याबद्दल मला आजही खंत वाटते. पण १९६८ मध्ये त्याच शहरात दाराबाहेर पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या निदर्शकांच्या मानाने ही माणसे रीतसर निवडून सभागृहात बसलेली होती.

तटस्थ

मागणी आधी लिहून काढायची, हा मुद्दा मला मान्य आहे. माझा आक्षेप व्यक्तीभोवती उभ्या राहणाऱ्या मोहिमांना होता. तुलसी गॅबर्ड यांना २०२० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत युद्धविरोधी म्हणून पाठिंबा देणाऱ्या कित्येकांना, त्या २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारात दिसल्या तेव्हा आपण नेमके कशाला पाठिंबा दिला होता, हे सांगता येईना. मागणी कागदावर असती तर निदान ती त्यांच्यापाशी राहिली असती.

शरयू

सर्वांचे आभार. एवढे ठरवले आहे की, उमेदवार कोण हे कळण्याआधीच मी माझ्या अपेक्षा लिहून काढणार: काँग्रेसच्या मतदानाशिवाय नवे युद्ध नाही, २००१ चा ठराव रद्द करणे, आणि शस्त्रे कोणाला विकली जातात याचा जाहीर हिशेब. जो उमेदवार यांवर लेखी उत्तर देईल त्याला पहिल्याच महिन्यात छोटी देणगी देईन. आमच्या इमारतीत अकरा घरे मतदारांची आहेत, त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. तिथे मला कोणी परकी म्हणणार नाही. यजमानांना हा सगळा संवाद वाचायला दिला आहे. अजून ते पुरते राजी नाहीत, पण १९६८ च्या प्रतिनिधींच्या हिशेबावर त्यांनी मला दोनदा प्रश्न विचारले. लेखनिक, प्रतिनिधी म्हणून उभे राहायचे असेल तर अर्ज कधी आणि कोणाकडे द्यावा लागतो, हे आपण सवडीने सांगाल का?