नायलॉनला ‘पॉलिमर’ म्हणणे मूळ व्याख्येत बसते का?

सातपूरकर: मी नाशिकमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवतो. ‘पॉलिमर’ ही संज्ञा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३३ मध्ये योजली. ज्या दोन संयुगांत मूलद्रव्यांचे प्रमाण तेच, पण एकाचा रेणुभार दुसऱ्याच्या पटीत असतो, त्यांना उद्देशून ती होती. नायलॉन तयार होताना मात्र पाणी बाहेर पडते, त्यामुळे हे प्रमाण टिकत नाही. मग आजचा अर्थ कोणी रूढ केला?

गोदाकाठ: आपली शंका रास्त आहे. त्या व्याख्येने ब्युटिलीन हे एथिलीनचे बहुवारिक (पॉलिमर) ठरते. इतकेच काय, आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांतले ग्लुकोजही फॉर्मल्डिहाइडचे बहुवारिक म्हणावे लागेल, कारण दोहोंत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन १:२:१ याच प्रमाणात आहेत. साखळीची कल्पना त्यात नव्हतीच. रबरासारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे पुंजके नसून सहसंयुजी बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्या आहेत, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले आणि अशा महारेणूंसाठी १९२२ मध्ये वेगळा शब्दही वापरला. तत्कालीन नामवंतांनी बराच काळ ते मानले नाही. नोबेल मिळाले ते थेट १९५३ मध्ये.

प्रयोगशाळा_अंबड: वरील उत्तर योग्य असले, तरी आपल्या नेमक्या प्रश्नाशी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोदर्स यांचा संबंध अधिक जवळचा आहे. १९२९ मध्ये त्यांनी बहुवारिकांचे समावेशन (रेणू काही न गमावता जोडले जाणे) आणि संघनन असे दोन वर्ग पाडले, आणि संघननात पाण्यासारखा लहान रेणू निघून जात असला तरी त्या पदार्थाला बहुवारिकच मानले. प्रमाणाची जुनी अट तेथे सुटली. नायलॉन त्यांच्याच प्रयोगशाळेत १९३५ मध्ये तयार झाले, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. नायलॉन ६,६ ज्या दोन संयुगांपासून बनते, त्यांपैकी डायअमाइनमधील कार्बन अणूंचा आकडा पहिला, द्विआम्लातील दुसरा.

सातपूरकर: आभारी आहे. मग एकवारिकावरून (मोनोमर, म्हणजे ज्या लहान रेणूपासून साखळी बनते त्यावरून) बहुवारिकाला नाव देण्याची पद्धत तरी काटेकोर आहे का?

गोदाकाठ: माझ्या मते नाही, ती सोयीची आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाहा: व्हिनाइल अल्कोहोल स्थिर राहत नाही, त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते, म्हणून आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट बनवून त्याचे जलविघटन किंवा अल्कोहोलविघटन करतात. नावातले एकवारिक त्या प्रक्रियेत कोठेच वापरलेले नसते. रासायनिक नावांचे नियम ठरवणाऱ्या आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेने साखळीत पुनरावृत्त होणाऱ्या घटकावर आधारलेली नावेही दिली आहेत, आणि त्या पद्धतीने पॉलिएथिलीनचे नाव ‘पॉलिमेथिलीन’ होते; परंतु ठिबकच्या नळ्या विकणारा कोणीही ते वापरणार नाही, आणि रसायनशास्त्रज्ञही क्वचितच वापरतात.